शेरा : सांत्वन झाले

आमच्या मंडळीत माणूस गेलं की दफनाच्या वेळी त्याचा जीवनवृत्तांत वाचतात. जन्म कुठला, बाप्तिस्मा कधी, नोकरी, लग्न, मुलंबाळं, मंडळीत केलेली सेवा, आणि शेवटी ‘अल्पशा आजाराने प्रभूमध्ये विश्रांती घेतली’. एक पान पुरतं. गेल्या वर्षी जुलैत यमुनाबाई भिंगारदिव्यांचा वृत्तांत वाचायला मला बोलावलं, कारण मी त्यांचा जुना पाळक आणि त्यांच्या घरचं वाचायला कुणी उरलेलं नव्हतं. मी वाचला. दोन मिनिटं लागली. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, तरी कागदाची घडी घालताना मला स्वतःची इतकी लाज वाटली की कुणाशी न बोलता मी रिक्षा करून घरी आलो.

राहिलेलं इथे लिहितो. मी दीनानाथ उमाप. चौतीस वर्षं पाळक होतो, त्यातली शेवटची अकरा पुण्यात. माझी जीभ तिखट आहे, असं मंडळीने मला निरोप समारंभात शाल देतानासुद्धा सांगितलं होतं.

यमुनाबाईंना सगळे ‘सिस्टर’ म्हणायचे. मूळच्या नगरकडच्या, पण पुण्यात एका मोठ्या इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात बत्तीस वर्षं नर्स. निवृत्त झाल्यावर त्यांची ड्यूटी संपली नाही, फक्त वॉर्ड बदलला. रविवारी उपासना सुटली की लोक दारात माझ्याशी हात मिळवायचे आणि लगबगीने फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली जायचे. तिथे सिस्टर उभ्या. पिशव्यांतून, पर्समधून गोळ्यांची पाकिटं निघायची. त्या कपाळावरचा चष्मा खाली ओढायच्या आणि बॉलपेनने पाकिटावर चित्र काढायच्या. सूर्य म्हणजे सकाळी, चंद्रकोर म्हणजे रात्री, ताटली म्हणजे जेवणानंतर. कॉलेजातल्या प्राध्यापकालाही सूर्यच. “मला वाचता येतं हो,” तो एकदा म्हणाला. “वाचता येतं, घेता येत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “गेल्या महिन्यात शुगर कितीवर गेली होती ते सांगू का सगळ्यांना?”

दारात माझ्यापाशी दोन सेकंद आणि झाडाखाली दहा मिनिटं, याबद्दल मी एकदा बायकोकडे कुरकुर केली. तनुजा म्हणाली, “अहो, त्यांनी सांगितलेलं ऐकून लोक बरे होतात. तुमच्याबद्दल तसं खात्रीनं सांगता येत नाही.”

त्यांचे यजमान रावसाहेब छापखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द जुळवल्यामुळे असेल, स्वतः फार कमी बोलायचे. कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. सोसायटीत ख्रिस्ती घर हे एकच. नाताळात करंज्या सगळ्या मजल्यांवर जायच्या आणि दिवाळीत तेवढ्याच ताटांनी परत यायच्या. समोरच्या पद्मजाबाई नेनेंशी सिस्टरांचं रोज भांडण आणि रोज चहा.

मुलगी एकच, उत्कर्षा. एकोणतीस वर्षांची, एका प्रयोगशाळेत रक्त तपासायच्या कामावर. दोन हजार सोळाच्या ऑगस्टमध्ये तिला डेंग्यू झाला आणि पाचव्या दिवशी ती गेली. दुसऱ्यांची माणसं सांभाळण्यात जन्म गेलेल्या बाईला स्वतःच्या मुलीच्या प्लेटलेट्स खाली जाताना नुसतं बघत बसावं लागलं.

दफन मी केलं. तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना असते, तीही केली. चहा फिरत होता आणि लोक नेहमीचं बोलत होते. सुटली बिचारी. चांगल्या ठिकाणी गेली. एक बाई म्हणाल्या, बागेतलं सगळ्यात सुंदर फूल माळी आधी खुडतो. यमुनाबाईंनी मान वर केली. “फुलंच हवी असतील तर त्याला म्हणावं मार्केट यार्डात जा. रोज पहाटे ढिगानं येतात.”

मला आधी हसू आलं आणि मग, खरं सांगायचं तर, भीती वाटली. आता सगळे पाळकाकडे बघत होते आणि माझ्यापाशी त्या फुलापेक्षा बरं काही नव्हतं. मी घाईने पवित्र शास्त्र उघडलं, वचन वाचलं, प्रार्थना केली आणि पुढच्या घरची वेळ दिलीय असं सांगून उठलो. पुढच्या घरची वेळ सहाची होती. तेव्हा सव्वाचार वाजले होते.

माझी एक भेटींची वही असे. तारीख, नाव, कारण, शेरा. वर्षाअखेरीस ती कमिटीपुढे ठेवायची, मग अहवालात एकूण भेटींचा आकडा छापून येई. त्या संध्याकाळी मी लिहिलं : य. भिंगारदिवे, कर्वेनगर. सांत्वन. झाले.

त्यानंतरची ठरलेली प्रार्थना एकदम वर्षस्मरणाची. मधल्या काळात मी त्या घरी दोनदा गेलो, दोन्ही वेळा घड्याळ बघत. कारणं होती. पाळकाकडे कारणांना तोटा नसतो. चर्चचं छप्पर गळत होतं, गायकवृंदात भांडण लागलं होतं. शिवाय सगळ्या मंडळीने मिळून एक सोयीचं वाक्य धरलं होतं, की सिस्टर खंबीर आहेत. त्या अजून झाडाखाली उभ्या राहत होत्या, सूर्य-चंद्र काढत होत्या, म्हणजे ठीकच असणार. शास्त्रात एका होरपळलेल्या माणसाची गोष्ट आहे. त्याचे मित्र येतात आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक अक्षर बोलत नाहीत. मग तोंड उघडतात आणि सगळं बिघडवतात. या गोष्टीवर मी सहा-सात वेळा तरी उपदेश केला असेल. कुणाजवळ सलग सात तास बसल्याचं मात्र मला आठवत नाही.

त्या घरी बसायला दुसराच आला. ब्रदर अभय म्हणून तिशीतला एक तरुण, कंपनीतली नोकरी सोडून प्रार्थनासभा घ्यायला लागलेला. मार्केट यार्डाजवळ एका गोदामावरचा हॉल त्याने भाड्याने घेतला होता, तिथे दर गुरुवारी सभा. उत्कर्षाच्या एका मैत्रिणीकडून त्याला कळलं आणि तो भिंगारदिव्यांकडे गेला. मग रोज जायला लागला. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तो यमुनाबाईंबरोबर लसूण सोलायचा. उत्कर्षाचे फोटो बघायचा. ती बालवाडीत असताना शिकवणाऱ्या बाईंनाच कशी रागावली होती, ही गोष्ट त्याने वीसदा ऐकली असेल आणि विसाव्यांदाही तो हसला असेल. त्याची शिकवण चुकीची होती, हे मी आजही टेबलावर हात आपटून सांगेन. पण लसूण त्याने सोलला, मी नाही.

शिकवण अशी, की खऱ्या विश्वासणाऱ्याला आजार शिवत नाही. शिवला, तर घरात कुठेतरी अविश्वास दडलेला असतो आणि तो शोधून काढावा लागतो. वर्षभर जाऊन-येऊन त्याला भिंगारदिव्यांच्या घरात तो सापडला : रावसाहेबांचा गोळ्यांचा डबा. रावसाहेबांना बीपी आणि शुगर. सात वारांचे सात कप्पे, सिस्टर दर रविवारी संध्याकाळी तो भरून ठेवायच्या. “आई, हा डबा म्हणजे तुमची शंका आहे,” अभय म्हणाला. “एका हातानं प्रार्थना आणि दुसऱ्या हातानं गोळी. देवानं कुठला हात धरायचा?” उत्कर्षाही अशाच शंकेपायी गेली, असं त्याने उघड म्हटलं नाही. म्हणायची गरज ठेवली नाही.

नर्स असून कळलं कसं नाही, असं लोक विचारतात. मला वाटतं, नर्स होत्या म्हणूनच. औषधांवर त्यांनी जन्मभर भरवसा ठेवला आणि नेमकं त्यांच्या मुलीच्या वेळी औषधांनी हात टेकले. आणि दुसरं असं, की तुमचं काहीतरी चुकलं असं कुणी सांगितलं तर दुःखातल्या माणसाला ते कुठेतरी हवंच असतं. चूक असेल तर सुधारता येते. नुसतंच घडलं असेल तर माणसाने करायचं काय?

मी मात्र तेव्हा झोपलेलो नव्हतो. गुरुवारच्या हॉलकडे मंडळीतली पाच-सहा घरं वळली होती, ते मला कळलं होतं आणि मी कंबर कसली होती. दोन हजार सतराच्या नोव्हेंबरचे चार रविवार, चुकीच्या शिकवणीवर चार उपदेश. छापील पत्रक काढलं. पहिल्या रविवारी खोटे संदेष्टे, दुसऱ्या रविवारी समृद्धीचं आमिष, तिसऱ्या रविवारी आजार आणि औषध, चौथ्या रविवारी खरा विश्वास. इतकी तयारी मी दीक्षेच्या परीक्षेलाही केली नव्हती.

पहिला रविवार हंगामाच्या सणाचा आला. आमच्यात शेत कुणाचंच नाही, पण सण चुकत नाही. लोक मंडईतून भोपळे, ऊस, नारळ विकत आणतात, वेदीपुढे मांडतात आणि उपासनेनंतर आवारात त्याच वस्तूंचा लिलाव करून पुन्हा घरी नेतात. लिलाव पाळकाने पुकारायचा. मला त्याची भारी हौस. त्या दिवशी मी खुर्चीवर उभा राहून, दोन्ही हातांत लाल भोपळा धरून ओरडत होतो, तेवढ्यात यमुनाबाई खुर्चीपाशी आल्या. त्या दिवशी त्या झाडाखाली थांबल्या नव्हत्या. हे मी पाहिलं होतं आणि विसरलो होतो.

“पाळकसाहेब, एक विचारायचं होतं. गोळी घेणं म्हणजे अविश्वास का हो?”

“सिस्टर, अर्ध्या पुण्याला गोळ्या तुम्ही चारल्या आणि आता मला विचारता?”

त्या हसल्या नाहीत. “एका शब्दात सांगा. हो का नाही.”

“एका शब्दात कसं सांगू? तिसऱ्या रविवारचा विषयच तो आहे. अगदी मुळापासून मांडलाय. रावसाहेबांनाही घेऊन या त्या दिवशी.”

“तिसऱ्या?”

“तिसऱ्या.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि गेल्या. मी पुन्हा भोपळ्याकडे वळलो.

‘नाही’ म्हणायला श्वासही लागत नाही. मी तो शब्द का दिला नाही, यावर मी पुढे पुष्कळ विचार केला आणि उत्तर फार साधं निघालं. तिसऱ्या रविवारचा उपदेश माझ्या हातून फार चांगला उतरला होता आणि तो आधी फुटू नये असं मला वाटत होतं.

डबा दुसऱ्याच दिवशी बंद झाला. रावसाहेब सिस्टरांनी तळहातावर ठेवलेली गोळी कधी बघूनसुद्धा गिळत नसत. त्या सकाळीही त्यांनी पेपरातून डोकं न काढता हात पुढे केला. हातावर काही पडेना, तेव्हा त्यांनी वर पाहिलं. “आज नाही?”

“आजपासून नाही.”

“बरं,” ते म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. हेही मला यमुनाबाईंनीच सांगितलं, पुष्कळ नंतर.

दुसऱ्या रविवारनंतरच्या मंगळवारी रावसाहेबांना अर्धांगाचा झटका आला. गुरुवारी ते गेले. शुक्रवारी दुपारी मी त्यांना माती दिली. डबा बंद केल्याचं डॉक्टरांकडून मंडळीत कळलं होतं आणि कबरस्तानातच कुजबुज सुरू होती.

आमच्यात रीत अशी, की माती दिल्यानंतरच्या पहिल्या रविवारी घरची माणसं उपासनेला येतात. मंडळी त्यांच्यासाठी उभी राहते आणि पाळक त्यांना नाव घेऊन देवापुढे ठेवतो. म्हणजे यमुनाबाई येणार हे मला माहीत होतं. शनिवारी तनुजा म्हणाली, “अहो, उद्या तो विषय नको. दुसरं काहीतरी बोला.”

“पत्रक छापलंय. आणि सत्य वेळ बघून बोलायचं नसतं.”

“सत्याला नसेल वेळ कळत. तुम्हाला तरी कळावी.”

मला कळली नाही. यमुनाबाई पांढऱ्या साडीत तिसऱ्या बाकावर एकट्या बसल्या होत्या. मंडळी उभी राहिली, मी प्रार्थना केली, मंडळी बसली. मग मी चाळीस मिनिटं बोललो. वैद्य देवाने दिला, त्याची बुद्धी देवाने दिली, जो गोळी फेकून देतो तो देवाचं देणं फेकून देतो, आणि जो दुसऱ्याच्या तोंडची गोळी काढतो त्याला त्याचा जाब द्यावा लागेल. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. बोलताना मी पंख्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिसऱ्या बाकाकडे पाहिलं नाही. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि आठवडाभर ते पुण्यातल्या सगळ्या मराठी मंडळ्यांच्या ग्रुपवर फिरलं. मला नाशिकहून अभिनंदनाचे फोन आले.

आशीर्वादानंतर मी दारात उभा राहिलो. यमुनाबाई रांगेतून आल्या, हात मिळवला. “उपदेश चांगला झाला, पाळकसाहेब,” त्या म्हणाल्या. “दोन रविवार आधी हवा होता.”

त्यानंतर त्या चर्चमध्ये आल्या नाहीत. हॉलमध्येही गेल्या नाहीत. अभय एकदा त्यांच्या दारात गेला, तेव्हा त्यांनी त्याला चहा दिला आणि पुन्हा येऊ नकोस असं शांतपणे सांगितलं. वर्षभरात त्याने हॉल सोडला आणि शहरही. तिथे आता स्पर्धा परीक्षांचा क्लास चालतो, चमत्काराची वाट बघणारे तिथे अजूनही बसतात. माझ्या मंडळीतली वळलेली घरं परत आली. कमिटीने माझं कौतुक केलं. मी चुकीची शिकवण हटवली होती. झाडाखाली आता कुणीच नव्हतं.

आणि मी त्यांच्याकडे गेलो नाही. एक वर्ष नाही, पाच वर्षं नाही. आधी वाटलं, जरा शांत होऊ दे. मग वाटलं, आता कोणत्या तोंडाने जाऊ. दोनदा कर्वेनगरच्या स्टॉपवर उतरून चहा पिऊन परत आलो. पाळक वाट चुकलेल्या मेंढराला शोधायला जातो हे आम्ही लहान मुलांना चित्र दाखवून शिकवतो. मी स्टॉपवर चहा प्यायलो. दोन हजार वीसला निवृत्त झालो, पाळकबंगला सोडला आणि आम्ही दोघं वडगाव शेरीला राहायला आलो.

दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत तनुजा गेली. भाजी चिरता चिरता, दहा मिनिटांत. तीन दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. माझेच जुने सहकारी माझीच जुनी वाक्यं मला ऐकवत होते. तिसऱ्या दिवसाची प्रार्थना झाली, चहा झाला आणि सगळे पांगले. चौथ्या दिवशी सकाळी दहाला बेल वाजली. दारात यमुनाबाई. केस पूर्ण पांढरे झालेले, हातात जेवणाचा डबा. कर्वेनगरहून दोन बस बदलून आल्या होत्या.

त्या आल्या, खुर्चीवर बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. एक वाजेपर्यंत बसल्या. मध्ये मी रडलो, तेव्हा त्यांनी फक्त पाण्याचा पेला पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहाला. अकरा दिवस अशा आल्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, “गोळ्या कुठायत?”

मला बीपी आहे. गोळी तनुजा देत असे. ती गेल्यापासून मी एकही घेतली नव्हती, घ्यायची असते हेच सुचलं नव्हतं.

“शाबास,” सिस्टर म्हणाल्या. “आणि उपदेश करणारे तुम्ही.”

मग त्या दर सोमवारी यायला लागल्या. टेबलावर सात कप्प्यांचा डबा ठेवून भरायच्या, पाकिटांवर सूर्य-चंद्र काढायच्या. अभयचं, लसणाचं, रावसाहेबांनी पुढे केलेल्या हाताचं, सगळं मला त्या सोमवारांत कळलं. मी माफी मागायला तोंड उघडलं की त्या हात वर करायच्या. “आधी तुमचं दुःख. माझं नंतर बघू.”

ते नंतर एका सोमवारी आलं. डबा भरून झाला होता, झाकण लावायचं होतं. खाली बघतच त्यांनी विचारलं, “पाळकसाहेब, मी मारलं का हो त्यांना?”

पुन्हा एक साधा प्रश्न. आणि याही वेळी मी खुर्चीवर उभा असल्यासारखा बोललो. “सिस्टर, सगळ्यांच्या आयुष्याची दोरी त्याच्या हातात. आपण फक्त निमित्त.”

“निमित्त,” त्या म्हणाल्या. थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली, असं मला आता वाटतं. मग झाकण लावलं आणि शनिवारी कोथिंबीर काय भावाने मिळाली ते सांगायला लागल्या. मला केवढं हलकं वाटलं! विषय निघाला आणि नीट पारही पडला. वही ठेवायची सवय सुटली नव्हती. रात्री मी लिहिलं : य. भिंगारदिवे. सांत्वन. झाले.

गेल्या वर्षी जुलैत एका सोमवारी त्या आल्या नाहीत. मी फोन केला, तो समोरच्या पद्मजाबाईंनी उचलला. सिस्टरांना रविवारी सकाळी घरातच झटका आला होता, रावसाहेबांना आला तसाच. तीन दिवस इस्पितळात बेशुद्ध होत्या, बुधवारी गेल्या. मी शेवटी कर्वेनगरचा तो जिना चढलो, पण घरात त्या नव्हत्या.

पद्मजाबाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं. “डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या गोळ्या घेत होत्या. म्हणून मी शोधायला आले, तर हे.” ओट्यावर सात कप्प्यांचा डबा होता. सातही कप्पे भरलेले. खालचा ड्रॉवर त्यांनी ओढला. त्यात पाकिटं, रबर लावून महिन्यामहिन्याची रचलेली. बीपीच्या गोळ्या. प्रत्येकावर सूर्य काढलेला आणि डब्यातल्या सात सोडल्या तर एकही गोळी पाकिटातून काढलेली नाही. सगळ्यात जुनं बिल दोन हजार सतराच्या डिसेंबरचं होतं. रावसाहेब गेल्याच्या पुढच्या महिन्याचं.

“मी एकदा विचारलं होतं हो,” पद्मजाबाई म्हणाल्या. त्यांना रडू आवरत नव्हतं. “गोळी घेतली का, म्हणून. तर म्हणाल्या, ‘त्यांना दिली नाही, मग मी कशी घेऊ?’ मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी तिरकस बोलतायत.”

माझ्या गोळ्या त्या दोन वर्षं मोजून भरत होत्या. मी त्यांना एकदाही विचारलं नाही, सिस्टर, तुमच्या?

हॉलमधली चुकीची शिकवण मला लांबून दिसली. तिच्याविरुद्ध मी चार रविवार लढलो, पत्रकं छापली. यमुनाबाईंनी स्वतःला जी शिकवण दिली होती ती मला टेबलापलीकडून दिसली नाही. ती अशी, की देव सगळ्यांना क्षमा करतो, पण मला नाही. माझी चूक मीच फेडायची. ही शिकवण कुठल्याही हॉलपेक्षा वाईट, आणि ती मोडून काढण्याचं कामच तर मला दिलेलं होतं. मी म्हणायला हवं होतं : हो सिस्टर, गोळ्या बंद केल्या नसत्या तर रावसाहेब कदाचित असते. तुमच्या हातून मोठी चूक झाली. त्या दिवशी मी भोपळा खाली ठेवून एक शब्द बोललो असतो तर ती झाली नसती, म्हणून ती माझीही आहे. आणि दोघांच्याही चुकीला क्षमा आहे, ती प्रभूने आधीच देऊन ठेवलीय. चला, दोघं मिळून मागू. एवढंच. दोन मिनिटं लागली असती, वृत्तांत वाचायला लागली तेवढीच. ते मी कबरेपाशीही बोललो नाही. तिथे मी ‘अल्पशा आजाराने’ असं वाचलं.

वही मी बंद केली आहे. आता ओळखीपाळखीत कुणाकडे दुःख झालं की चौथ्या दिवशी जातो, घड्याळ काढून खिशात टाकतो आणि बसतो. निघण्याआधी गोळ्यांचा डबा दाखवा म्हणतो. लोकांना गंमत वाटते. पाळकसाहेब म्हातारे झाले, प्रार्थना सोडून डबे तपासतात. तपासतो. परवा खडकीला एका बाईंकडे गेलो होतो, यजमान जाऊन आठवडा झालेला. त्यांनी नको नको म्हणत डबा आणला. सोमवार भरलेला, मंगळवार भरलेला, बुधवार भरलेला, आणि त्या दिवशी गुरुवार होता. मी स्वतः उठून पाणी आणलं, गोळी त्यांच्या हातावर ठेवली आणि त्यांनी ती गिळेपर्यंत समोर बसून राहिलो. प्रार्थना त्यानंतर केली.